वाण्याच्या तराजूला शिक्का, मनाच्या मापाला मात्र नाही!

वाण्याच्या दुकानातील वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. ठराविक मुदतीत तो पुन्हा मारून घेतला नाही, तर निरीक्षक येऊन कारवाई करतो. घरातील विजेची जोडणी करणाऱ्या तारतंत्र्याला परवाना लागतो. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत औषधनिर्माता असलाच पाहिजे, असे सांगणारा कायदा या देशात १९४८ पासून आहे. पाव किलो साखर, छताचा पंखा आणि तापाची गोळी यांच्याबाबत एवढी दक्षता बाळगणाऱ्या व्यवस्थेत आठ वर्षांच्या मुलाची बुद्धी मोजून तिच्यावर कायमचा आकडा डकवणाऱ्या माणसाला मात्र कोणीही विचारत नाही, की बाबा रे, हे मोजायला तू कोणाच्या हाताखाली शिकलास?

हा प्रश्न कल्पनेतून सुचलेला नाही. आमच्या परिचयातील एक कुटुंब आहे. वडील बँकेत, आई शिकवण्या घेते. मुलगा तिसरीत असताना वर्गात मागे पडू लागला. शाळेने सांगितले, ‘चाचणी करून आणा.’ जवळच्याच एका समुपदेशन केंद्रात चाळीस मिनिटांत चाचणी उरकली आणि चकचकीत धारिकेत घातलेला अहवाल हाती आला. बुद्ध्यांक ७४, शेरा ‘सीमारेषेवरील बुद्धी’. घरात सुतकाचे वातावरण पसरले. मुलाला दुसरी शाळा पाहावी, असे शाळेने आडवळणाने सुचवले. सुमारे वर्षभराने सर्दीसाठी म्हणून दाखवायला नेले असता कान-नाक-घसा तज्ज्ञाने सांगितले, की दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचले आहे, पोराला नीट ऐकूच येत नाही! उपचार झाले आणि मग एका सार्वजनिक रुग्णालयात अनुभवी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने दोन बैठकांत पुन्हा तपासणी केली. मुलगा चारचौघांसारखा निघाला. वडिलांनी आम्हाला एवढेच विचारले, ‘त्या वर्षभरात मी त्याला जे जे बोललो, ते कसे परत घेऊ?’

ज्या बाईंनी पहिली चाचणी घेतली त्या लबाड नव्हत्या. त्यांनी दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. केले होते आणि चाचण्यांची दोन दिवसांची एक कार्यशाळा केली होती. चाचणीपूर्वी मुलाचे कान आणि डोळे तपासलेले आहेत ना, हे विचारायचे असते, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. पुस्तकात तशी ओळ असेलही. पण पुस्तकातील ओळ वेगळी आणि शेजारी बसलेल्या गुरूने पहिल्या पाच मुलांच्या वेळी ‘आधी कानाचे विचार’ म्हणून टोकणे वेगळे. आमच्या मते सारा वाद या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

कसोटी म्हणजे प्रश्नपत्रिका नव्हे

बुद्धिमापनाची कसोटी म्हणजे प्रश्न विचारायचे आणि गुण मोजायचे, असा आपल्याकडे सुशिक्षितांचाही समज आहे. प्रत्यक्षात ते विलक्षण नाजूक काम आहे. कोणत्या वयाच्या प्रश्नांपासून प्रारंभ करायचा, सलग किती चुकल्यावर थांबायचे, उत्तर अर्धवट आले तर ‘आणखी सांग’ म्हणायचे की नाही, म्हणायचेच तर कोणत्या शब्दांत, घड्याळ कधी सुरू करायचे, या प्रत्येकाचे नियम ठरलेले असतात. परीक्षकाने नकळत मान डोलावली तरी उत्तर बदलते. मूल रात्री झोपलेले नसेल, चष्मा घरी विसरलेले असेल, दाराबाहेर बसलेल्या आईच्या भीतीने गप्प असेल, तर त्या दिवशी चाचणी घ्यायची नसते. तीच कसोटी थोड्याच दिवसांत पुन्हा घेतली तर सरावाने गुण वाढतात, म्हणून मागच्या चाचणीची चौकशी करायची असते. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीतला शब्द कळला नाही, तर ती बुद्धीची उणीव की भाषेची, हे ओळखायला कान तयार असावा लागतो.

या शास्त्राची आपल्याकडे परंपरा नाही, असेही नाही. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये तयार केलेली मापनश्रेणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली. तिच्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. परदेशी कसोटी उचलून आपल्या मुलांच्या माथी मारायची नाही. ती आपल्या भाषेत, आपल्या मुलांवर वापरून पाहायची आणि मगच मानके ठरवायची, हा त्यामागचा दृष्टिकोन स्वाभिमानाचा आणि शास्त्रीयही होता. पुढे नागपुरात ए. जे. मालिन यांनी वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या कसोटीचे भारतीय रूप सिद्ध केले. पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना करणारे आप्पा पेंडसे हे स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते, आणि प्रबोधिनीत बुद्धिमापनाचे काम पुढे दीर्घकाळ चालले. महाराष्ट्राला या क्षेत्रात कोणापुढे हात पसरण्याचे कारण नव्हते.

पण आज काय चित्र आहे? कामतांची कसोटी अजून सर्रास वापरली जाते आणि तिची मानके किती जुनी आहेत, याचे भान वापरणाऱ्या अनेकांना नसते. पिढ्यांगणिक अशा कसोट्यांवरचे गुण वाढत जातात, हे जगभर आढळलेले आहे. म्हणजे जुन्या मानकांवर आजचे मूल मोजले, तर आकडा फुगून येतो. सधन घरातील मुलाच्या बाबतीत त्याने आईबापांचा अहंकार सुखावतो, इतकेच. परंतु ज्या मुलाला खरोखर बौद्धिक अक्षमता आहे आणि प्रमाणपत्राच्या आधारे ज्याला सवलत मिळायला हवी, त्याचा आकडा असा फुगून ७० च्या वर गेला, तर हक्काचे साहाय्य त्याला नाकारले जाते. हा अन्याय कोणाच्या डोळ्यांनाही दिसत नाही. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्येच घेतला होता. देशाने ती अक्षमता कायद्यात आणली ती २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने. एवढी पुरोगामी सवलत ज्या मोजमापावर उभी आहे, ते मोजमाप कोणी करावे, याकडे आपण पाहू नये?

या ढिसाळपणातच भोंदूंचे फावले. बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या मेंदूचा कोणता भाग प्रबळ आहे, त्याने अभियंता व्हावे की गायक, हे सांगणारी ‘चाचणी’ शहराशहरांत विकली जाते. तिच्यासाठी हजारो रुपये मोजले जातात. बोटांवरच्या रेषा गर्भावस्थेतच घडतात हे खरे. पण त्यांवरून बुद्धीचे प्रकार किंवा व्यवसायाचा कल कळतो, याला शास्त्रात आधार नाही. रस्त्यावरच्या पोपटवाल्याला हसणारे उच्चशिक्षित पालक संगणकावरून निघालेला तोच पोपट रंगीत आलेखांसह घरी घेऊन येतात. आणि खेदाची गोष्ट ही, की चांगल्या नावाच्या शाळा आपल्या सभागृहात त्यासाठी टेबल लावू देतात.

कायदा आहे, पण कोणासाठी?

मानसशास्त्राच्या व्यवसायाला कायदाच नाही, असे सरसकट म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला नोंदणी बंधनकारक केली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्याच दिली: मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, त्यानंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., आणि त्या अभ्यासक्रमात पर्यवेक्षणाखालील चिकित्सा प्रशिक्षण. कायद्याच्या व्याख्येत हे शेवटचे शब्द आहेत, याचे महत्त्व फार थोड्यांच्या ध्यानात आले. केवळ पदवी पुरेशी नाही, जाणत्याच्या डोळ्यांसमोर काम केलेले असले पाहिजे, हे संसदेने मान्य केले.

मग अडचण कुठे? पुनर्वास परिषदेचा कायदा दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी आहे. पाटी लावणारा म्हणतो, ‘मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नाही, समुपदेशक आहे, मी दिव्यांगांवर काम करत नाही, निरोगी माणसांना मार्गदर्शन करतो.’ झाले! कायद्याच्या कुंपणाबाहेर उभे राहायला एवढे वाक्य पुरते. २०१७ च्या कायद्यात समुपदेशकाची व्याख्याच नाही. चाचण्या घेणाऱ्या साहाय्यकाचा तर उल्लेखही नाही. आणि कुंपणाच्या आत सापडलेल्याला तरी धाक कसला? परिषदेच्या कायद्यात एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद होती. पण तिला पर्याय म्हणून ठेवलेला दंड होता, जास्तीत जास्त एक हजार रुपये! एका चाचणीचे शुल्क त्याहून अधिक असते.

ही पोकळी भरून काढण्यासाठी संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्य शास्त्रांचा स्वतंत्र गट आहे. त्यात पुनर्वास परिषदेच्या कक्षेबाहेरचे मानसशास्त्रज्ञ आहेत, वर्तन विश्लेषक आहेत, आरोग्य समुपदेशक आहेत आणि मानसिक आरोग्य साहाय्यक कार्यकर्तेही आहेत. संलग्न व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण, अशी मोजपट्टीही कायद्याने घालून दिली. राज्यांनी सहा महिन्यांत आपापल्या परिषदा स्थापाव्यात, असेही सांगितले. राज्ये ढिम्म राहिली. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राचे आणि राज्यांचे कान उपटावे लागले आणि दोन महिन्यांची मुदत घालावी लागली. लोकप्रतिनिधी कायदा करतात, त्या कायद्याची अंमलबजावणी करा म्हणून न्यायालय सांगते, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे, म्हणूनच त्याची लाजही वाटेनाशी झाली आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवण्यावर बंदी आणली, ती याच कायद्याच्या आधारे. काहींनी त्याविरुद्ध ओरड केली. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या स्त्रियांचे नुकसान होईल, हा आक्षेप अगदीच फोल नाही. ज्ञानासाठी मानसशास्त्र कोणीही, कसेही वाचावे. परंतु ज्या पदवीच्या बळावर दुसऱ्याच्या मनात हात घालायचा, ती टपालाने येऊ नये. टपालाने शस्त्रक्रिया शिकलेल्या डॉक्टरकडे आपण अपेंडिक्स काढायला जाऊ काय?

शंभर विद्यार्थी आणि एक समुपदेशक

हा विषय आज ऐरणीवर येण्याचे आणखी एक कारण आहे. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यांतील एक. आदेश स्तुत्यच आहे. पण ‘पात्र’ म्हणजे कोण? महाराष्ट्रातील शंभरावर पटाच्या शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि शिकवणी वर्ग डोळ्यांसमोर आणा. एवढी प्रशिक्षित माणसे आणणार कुठून? संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये नोंदवले, की देशात एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकही पूर्ण नाही, ०.७५ आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची चणचणही तशीच आहे. मग होणार काय, हे सांगायला ज्योतिषी नको. संस्थाचालक रिकाम्या तासाच्या शिक्षिकेला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवतील, दारावर पाटी लावतील आणि तपासनीसापुढे नोंदवही ठेवतील. आणि ज्या मुलाच्या मनात खरोखर आत्मघाताचा विचार घोळत असेल, ते मूल त्या पाटीवर विश्वास ठेवून आत जाईल.

यावर दोन प्रकारची मंडळी आपापले उत्तर घेऊन येतात, आणि आम्हाला दोन्ही अमान्य आहेत.

पहिली म्हणतात, ‘देश एवढा मोठा, माणसे एवढी कमी, जो येईल त्याला काम करू द्या, काही नसण्यापेक्षा बरे.’ राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवून दिले, की निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. हा आकडा ही मंडळी हटकून पुढे करतात. पण चुकीच्या शेऱ्याने वर्षभर मतिमंद ठरलेल्या त्या पोराच्या बाबतीत ‘काही नसणे’ हेच अधिक बरे नव्हते का? उपासमार आहे म्हणून कोणी विषारी अन्नाचे छत्र उघडत नाही.

दुसरी मंडळी व्यवसायातलीच आहेत. दोन वर्षांच्या एम.फिल.खेरीज कोणी चाचणीच्या पेटीला हात लावू नये, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला शुद्ध, व्यवहारात निष्फळ. वरचे दार अरुंद ठेवून खालचे दार सताड उघडे सोडले, की गर्दी खालच्याच दाराने आत येते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल.च बंद केले आणि चिकित्सा मानसशास्त्राला २०२५-२६ पर्यंत तेवढी सवलत दिली. त्याच्या जागी कोणत्या नावाची पदवी येते, ही बाब गौण आहे. नव्या अभ्यासक्रमात रुग्णालयातील ते पर्यवेक्षणाचे तास शाबूत राहतात की वर्गातल्या व्याख्यानांत विरघळतात, यावर व्यावसायिक संघटनांनी पहारा द्यावा. तिथे त्यांचे सोवळेपण सार्थकी लागेल.

आमचे म्हणणे असे, की मधली पायरी बांधा आणि तिला परवाना द्या. डॉक्टरच्या हाताखाली परिचारिका असते, रक्ततपासणीला तंत्रज्ञ असतो. रक्त काढणाऱ्याने रोगनिदान करायचे नसते, पण सुई कशी टोचावी, नमुना कसा राखावा, हे त्याला पक्के आलेच पाहिजे. तसाच मानसशास्त्रीय तंत्रज्ञ असावा. त्याने चाचणी घ्यावी, गुणांकन करावे, मुलाचे वागणे टिपून ठेवावे. अर्थ लावणे आणि सही करणे मात्र नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाचे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात मानसशास्त्रीय तंत्रज्ञाला वेगळा परवाना आहे. त्या देशात चाचणी मानसशास्त्रज्ञाने घेतली की तंत्रज्ञाने, यानुसार देयकाचे संकेतांकही २०१९ पासून निराळे आहेत. आपण त्यांची नक्कल करावी असे नाही. आपल्याकडे पदव्युत्तर शिक्षणानंतरची एक वर्षाची व्यावसायिक पदविका पुनर्वास परिषदेने आधीच चालवलेली आहे. तिचा पाया रुंद करता येईल. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आहेत. तेथे दरवर्षी शेकडो तरुण-तरुणींची उमेदवारी होऊ शकते.

‘उमेदवारी’ हा आपला जुना, सुरेख शब्द. मुनीम तयार व्हायचा तो पेढीवर, वैद्य तयार व्हायचा तो खलबत्त्यापाशी, आणि गवई गुरूच्या मागे तंबोरा धरून बसल्याशिवाय मैफलीला उभा राहत नसे. आजही सनदी लेखापाल होणाऱ्याला आर्टिकलशिप चुकत नाही आणि एम.बी.बी.एस. झालेल्याला आंतरवासिता चुकत नाही. पैशाच्या हिशेबाला जी शिस्त लागते, ती मनाच्या हिशेबाला नको?

येथे थोडे आपल्या घरातही पाहायला हवे. ‘आपल्याकडे आजी होती, शेजार होता, समुपदेशक कशाला हवा?’ असे आपल्यातले अनेक जण अभिमानाने म्हणतात. आजीचा हात डोक्यावरून फिरला म्हणजे अर्धे दुःख हलके होते, यात शंका नाही. पण आजीला अध्ययन अक्षमता ओळखता येत नव्हती. अक्षरे उलटी लिहिणाऱ्या किती हुशार पोरांनी ‘गाढव’ ही पदवी घेऊन शाळा सोडली, याची नोंद कोणत्याच घराण्याच्या वहीत नाही. सेवावस्तीत काम करणारे आपले कार्यकर्ते माणसांत मिसळतात, दुःख ऐकून घेतात. ही मोठीच शक्ती आहे. मात्र ऐकून घेणे आणि उपचार करणे यांतली रेषा त्यांना ठाऊक असली पाहिजे. चार शिबिरे करून स्वतःला समुपदेशक म्हणवणारा कार्यकर्ता आपल्याच ओळखीचा असला, तरी त्याला थांबवायला हवे. वस्तीत गंभीर लक्षणे दिसली तर केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो फिरवून द्यावा आणि माणसाला जवळच्या रुग्णालयापर्यंत सोबत करावी. ते काम कमी प्रतीचे नाही.

आणि आपल्यापैकी जे शाळांच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांनी येत्या बैठकीत समुपदेशकाच्या नेमणुकीचा विषय आला, की अर्जदाराला तीनच प्रश्न विचारावेत. कोणाच्या देखरेखीखाली काम केले, कुठे केले आणि किती तास केले? चाचण्यांचे अहवाल कोण सही करणार, त्याचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहावा. बोटांच्या ठशांवाल्यांना सभागृह देऊ नये. आपल्या आमदारांना भेटून २०२१ च्या कायद्याखालील राज्य परिषदेत मानसशास्त्रज्ञांच्या आणि साहाय्यकांच्या नोंदणीचे काम कुठवर आले, हे लेखी विचारावे, आणि उत्तर आले की ते पालकसभेत वाचून दाखवावे.